कोशाचा रंग नेमका कोणता? पडदा, कागद आणि रंग जुळवण्याची गोष्ट

आजच्या भागाचं हे लिखित रूप. ऐकताना एखादं साल किंवा आकडा निसटला असेल तर इथे सापडेल.

प्रश्न साधा आहे. "फोटोग्राफी करतो, मॉनिटर आणि प्रिंटरचा रंग जुळवायला कोणतं यंत्र घेऊ?" याचं उत्तर दोन मिनिटांत देता येतं आणि शेवटाकडे मी ते देणारच आहे. पण त्याआधी जरा मागे जाऊ. हे यंत्र रंगाची तुलना नेमकी कशाशी करतं, ती मोजपट्टी कोणी ठरवली, हे कळलं नाही तर पैसे खर्च करूनही रंग चुकतच राहतो.

सुरुवात भंडारा जिल्ह्यातून करू या. मोहाडी तालुक्यात आंधळगाव आहे. हातमागावरच्या कोशाच्या कापडासाठी या गावाचं नाव घेतात. कोसा म्हणजे टसर रेशीम. ऐन आणि अर्जुनाच्या झाडांवर याच्या अळ्या वाढतात, आणि धाग्याला रंग न देताच एक मधाळ, मातकट सोनेरी छटा असते. त्यावर करवतीच्या दात्यांसारखा काठ विणला की झाली करवतकाठी साडी. आता गंमत बघा. कोशाचा धागा गोल नसतो, चपटा असतो. त्यामुळे प्रकाश त्यावरून एका दिशेने जास्त उसळतो. साडी थोडी तिरपी धरली की तोच पदर गव्हाळ दिसतो, सरळ धरली की सोनेरी. डोळ्यांना हे सुंदर वाटतं, पण कॅमेऱ्याचा जीव जातो.

पूर्वी गिऱ्हाईक दुकानात यायचं, साडी उचलून उंबऱ्यापर्यंत न्यायचं आणि उन्हात बघायचं. आता फोटो व्हॉट्सअॅपवर जातो. विणणाऱ्याच्या मोबाइलवर साडी एक, पुण्यातल्या ताईंच्या मोबाइलवर दुसरी आणि पार्सल उघडल्यावर तिसरीच. साडी परत आली की येण्या-जाण्याचा खर्च कोणाच्या तरी खिशातून जातो, आणि "फोटोत वेगळी दाखवली" हा शिक्का बसतो तो वेगळाच. लग्नाचे फोटो काढणाऱ्यांचंही तेच. लॅपटॉपवर नवरीचा शालू डाळिंबी दिसतो, नागपूरहून अल्बम छापून येतो तर तो विटकरी, आणि नवरीची आई विचारते, "बाप्पा, हा कोणाचा शालू व्हय?"

कोणी खोटं बोललेलं नसतं. फोटोच्या फाइलमध्ये रंग नसतोच, आकडे असतात. लाल इतका, हिरवा इतका, निळा इतका. "लाल 200" म्हणजे नेमका किती लाल, हे प्रत्येक पडदा आपापल्या परीने ठरवतो आणि प्रिंटर आपापल्या परीने. हा गोंधळ मोबाइलसोबत आला असं वाटत असेल तर तसं नाही. महाराष्ट्रात तो शंभर वर्षांहून जुना आहे.

राजा रविवर्म्याने 1894 मध्ये मुंबईत छापखाना काढला. पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. घराघरातल्या देवघरात लागलेल्या लक्ष्मी-सरस्वतीच्या तसबिरी तिथून निघाल्या. छपाई दगडावरची, म्हणजे शिळाछाप. प्रत्येक रंगाला वेगळा दगड. एका चित्राला असे अनेक दगड लागायचे आणि तोच कागद दरवेळी बरोब्बर त्याच जागी बसवून एकेक रंग चढवायचा. मूळ तैलचित्रातली साडी आणि कागदावरची साडी जुळतेय का हे कोण ठरवायचं? कारागीर. त्यासाठी जर्मनीहून तंत्रज्ञ आणले होते. त्यांच्यातला फ्रिट्झ श्लायशर पुढे छापखान्याचा मालकच झाला. नमुना काढायचा, चित्राशेजारी धरायचा, शाईत थोडी भर घालायची, पुन्हा काढायचा. कॅलिब्रेशन म्हणतात ते हेच, फक्त मोजमाप सगळं नजरेचं. 1972 मध्ये हा छापखाना आगीत जळाला.

याच रविवर्मा छापखान्याचं काम एक माणूस बाहेरून करून द्यायचा. धुंडिराज गोविंद फाळके. होय, तेच दादासाहेब. सिनेमाच्या आधीचे फाळके आपण फार कमी सांगतो आणि मला तर तेच जास्त आवडतात. बडोद्याच्या कलाभवनात ते शिकले. तिथल्या प्राचार्य गज्जरांनी त्यांना रतलामला पाठवलं, तीन रंगांचे ब्लॉक बनवायला शिकण्यासाठी. पुरातत्त्व खात्यात नोकरी झाली, ती सोडून लोणावळ्यात स्वतःचा छापखाना काढला. तो पुढे दादरला आला आणि 'लक्ष्मी आर्ट प्रिंटिंग वर्क्स' या नावाने चालला. 1909 मध्ये ते रंगीत छपाईची यंत्रं घ्यायला थेट जर्मनीला गेले. 'राजा हरिश्चंद्र' यायला अजून चार वर्षं होती.

तीन रंगांचा ब्लॉक म्हणजे काय? एकाच चित्राचे तीन फोटो काढायचे: एक लाल काचेतून, एक हिरव्या, एक निळ्या. प्रत्येकावरून बारीक ठिपक्यांचा एकेक ब्लॉक. मग पिवळी, तांबडी आणि निळी शाई एकावर एक. रविवर्म्याच्या छापखान्यात कारागीर ठरवायचा की कुठला रंग कुठल्या दगडावर. इथे ते काम प्रकाश आणि काच करते. तुमच्या प्रिंटरमधली शाईची नळकांडी आणि दादासाहेबांचे ब्लॉक यांच्यात तत्त्वाचा फरक नाही, काळी शाई तेवढी नंतर जोडली गेली. आजचा पेपर उघडा, पानाच्या कडेला चार रंगांचे बारके ठिपके किंवा चौकोन दिसतील. छापणारा माणूस त्यांच्यावरूनच शाई कमी-जास्त करतो.

ही तीन रंगांची कल्पना जेम्स क्लार्क मॅक्सवेल या स्कॉटिश शास्त्रज्ञाची. 1861 मध्ये लंडनला त्याने चौकड्याच्या रंगीत फितीचे तीन फोटो तीन गाळण्यांतून दाखवले आणि पडद्यावर फीत रंगीत उमटली. पण त्या काळच्या काचेला लाल रंग दिसतच नव्हता! मग लालचा फोटो आला कुठून? शंभर वर्षांनी कोडॅकच्या संशोधकांनी प्रयोग पुन्हा करून पाहिला तेव्हा उलगडा झाला. फितीचा लाल भाग डोळ्यांना न दिसणारे अतिनील किरणही परतवत होता आणि काचेवर उमटले होते ते किरण. म्हणजे रंगीत फोटोचा पहिलाच प्रयोग निम्मा नशिबावर तरला. कॅमेऱ्याला जे दिसतं ते आपल्याला दिसतं तेच असेल असं नाही, हे तेव्हापासूनचं आहे.

आणि डोळ्याचं काय? डोळा फार लवकर सरावतो. पिवळ्या बल्बखाली दहा मिनिटं बसा, पांढरा कागद पांढराच वाटू लागतो. निळसर पडद्यासमोर तासभर बसा, तोही पांढरा वाटतो. जगायला हे सोयीचं आहे, रंग मोजायला घातक. त्यातून डोळा थकतो. फाळक्यांनी सिनेमाच्या नादात पडद्यांवर इतकी नजर लावली की काही काळ त्यांची दृष्टीच गेली होती, उपचारांनी ती परत आली.

म्हणून नजरेला आकड्यात बांधायचा प्रयत्न सुरू झाला. 1920 च्या दशकात इंग्लंडमध्ये डेव्हिड राइट आणि जॉन गिल्ड या दोघांनी वेगवेगळे प्रयोग केले. माणसाला एका छोट्या भोकातून बघायला लावायचं. अर्ध्या भागात एक रंग, उरलेल्या अर्ध्यात लाल, हिरवा, निळा प्रकाश मिसळून तोच रंग तयार करायचा. दोन्ही अर्धे एकसारखे दिसेपर्यंत बटणं फिरवायची. राइटकडे 10 माणसं होती, गिल्डकडे 7. या 17 माणसांच्या नजरेची सरासरी काढून 1931 मध्ये आंतरराष्ट्रीय प्रकाश आयोगाने, सीआयईने, 'प्रमाण निरीक्षक' ठरवला. तुमच्या हातातला फोन, लॅपटॉप, कॅलिब्रेशनचं यंत्र, सगळ्यांच्या पोटात आजही हेच गणित आहे. जगाचा रंग सतरा जणांनी ठरवला! विचित्र वाटतं, पण काम बऱ्यापैकी चोख झालं होतं, म्हणूनच ते टिकलं.

सगळ्या मोजपट्ट्या इतक्या निरुपद्रवी नव्हत्या. रोलचा जमाना आठवतो? तुम्हाला नसेल, आईबाबांना विचारा. रोल धुणाऱ्या लॅबला रंग नीट बसवायला एक नमुन्याचा फोटो लागायचा. कोडॅक तो पुरवायची. त्यात एक गोरी बाई, नीटनेटके कपडे, शेजारी ठळक रंग. या कार्डांना 'शर्ली कार्ड' नाव पडलं. शर्लीची त्वचा बरोबर आली की यंत्र बरोबर. सावळ्या माणसाचे बारकावे गेले, चेहरा काळपट एकसंध डागासारखा आला, तर दोष माणसाच्या रंगाचा मानला जायचा. वेगवेगळ्या वर्णांच्या माणसांची नमुना-कार्डं यायला 1990 चं दशक उजाडलं. आपल्याकडे "फोटोत जरा उजळ करा" ही फर्माईश आजही थांबलेली नाही आणि मोबाइलचे ब्यूटी मोड तेच काम न सांगता करतात. नवरीचा चेहरा दोन छटा गोरा केला की शालूचा रंगही हललाच म्हणून समजा.

1976 मध्ये एक चांगली गोष्ट झाली. अमेरिकेत मॅकबेथ कंपनीने 24 चौकोनांचं कलरचेकर कार्ड आणलं. त्यातला पहिला चौकोन गडद त्वचेचा, दुसरा उजळ त्वचेचा, मग आकाश, मग झाडाचं पान. खालच्या ओळीत पांढऱ्यापासून काळ्यापर्यंत राखाडी पायऱ्या. हे कार्ड अजूनही मिळतं आणि माझ्या मते फोटोग्राफरने आधी घ्यायची वस्तू हीच.

पुढची वीस वर्षं भराभर सांगतो. कॉम्प्युटरवर छपाईची तयारी होऊ लागली आणि प्रत्येक कंपनी रंगाची आपली बोली बोलू लागली. 1993 मध्ये आठ कंपन्या एकत्र आल्या आणि त्यांनी आयसीसी ही संस्था काढली. अॅडोबी, अॅपल, कोडॅक, मायक्रोसॉफ्ट त्यात होत्या. त्यांनी ठरवलं की प्रत्येक यंत्रासोबत एक छोटी फाइल असेल, 'प्रोफाइल'. ती सांगेल, "माझा लाल 200 म्हणजे सीआयईच्या नकाशावर अमुक ठिकाण." दुभाषीच म्हणा ना. 1996 मध्ये एचपी आणि मायक्रोसॉफ्टने साध्या मॉनिटरसाठी एसआरजीबी ही किमान समान भाषा सुचवली आणि इंटरनेटवर आजही तीच चालते. 1998 ची अॅडोबी आरजीबी जास्त रंग सामावते. 2016 नंतरच्या महागड्या फोनांनी एसआरजीबीपेक्षा रुंद पी3 आणली. इथेच कोशाच्या साडीचा घोटाळा होतो. फाइल एसआरजीबीची, फोन 'व्हिव्हिड' मोडवर, आणि तो रंग ताणून दाखवतो. मातकट सोनेरीचा हळदी पिवळा होतो. फोनच्या सेटिंगमध्ये 'नॅचरल' असा पर्याय असतो, आधी तो लावा. याला एक पैसा लागत नाही.

आता यंत्रं. सुरुवातीला फोटोशॉपबरोबर अॅडोबी गॅमा नावाचं छोटं साधन यायचं, त्यात पट्ट्या बघून नजरेने जुळवायचं. म्हणजे पुन्हा मळवलीच! मग पडद्यावर लटकवायची यंत्रं स्वस्त झाली. ती दोन जातींची. एक कलरीमीटर: आत रंगीत गाळण्या, पडद्याचा प्रकाश मोजतो, कागद मोजू शकत नाही. डेटाकलरचे स्पायडर आणि एक्स-राइटचे आयवन डिस्प्ले या जातीतले. एक्स-राइटची फोटोग्राफीची यंत्रं 2021 पासून कॅलिब्राइट या नावाने येतात, त्यामुळे दुकानात दोन नावं दिसली तर गोंधळू नका. दुसरी जात स्पेक्ट्रोफोटोमीटर: त्याचा स्वतःचा दिवा असतो, तो कागदावर प्रकाश टाकतो आणि परत आलेला प्रकाश तुकड्या-तुकड्याने मोजतो. प्रिंटरचं प्रोफाइल बनवायला हाच लागतो. शेकडो रंगीत चौकोन छापायचे, वाळू द्यायचे आणि एकेक मोजायचे.

मग घ्यायचं काय? तुम्ही भंडारा, तुमसर, साकोली, पवनीत स्टुडिओ चालवता आणि अल्बम बाहेरच्या लॅबला पाठवता, तर कलरीमीटर पुरे. मधल्या दर्जाच्या मोबाइलच्या आसपास किंमत. स्पेक्ट्रोफोटोमीटर त्याच्या कितीतरी पट महाग आणि तुमच्याकडे तो कपाटात पडून राहील, कारण प्रिंटर तुमचा नाही. लॅबला त्यांच्या मशीन आणि कागदाचं प्रोफाइल मागा आणि ते फोटोशॉपच्या सॉफ्ट प्रूफमध्ये लावून बघा. "आमच्याकडे असं काही नसतं" असं उत्तर आलं तर दुसरी लॅब शोधलेली बरी. तुमच्या हातात असलेल्या जुन्या कलरीमीटरचं मूळ सॉफ्टवेअर बंद पडलं असेल तर फेकू नका. डिस्प्लेकॅल आणि त्याच्या पोटातलं आर्गिल ही मोफत सॉफ्टवेअर बरीच जुनी यंत्रं चालवतात. मात्र फार जुन्या यंत्राच्या गाळण्या उतरलेल्या असू शकतात, नव्या मॉनिटरवर तो जपून वापरा.

घरीच छापत असाल, शाईच्या टाकीवाला प्रिंटर असेल, तरी स्पेक्ट्रोची घाई नको. कंपनीची मूळ शाई आणि कंपनीचाच कागद वापरलात तर तयार प्रोफाइल बऱ्यापैकी चालतं. प्रोफाइल हे प्रिंटर, शाई आणि कागद या तिघांच्या जोडीचं असतं. यातलं एक बदललं की जुनं प्रोफाइल निकामी. बाजारातली स्वस्त शाई भरायची आणि मग महाग यंत्राने ती सुधारायची, हा व्यवहार मला तरी पटत नाही. रोज कलाप्रिंट विकणारा असेल, चार प्रकारचे कागद वापरत असेल, त्याने स्पेक्ट्रो जरूर घ्यावा. किंवा चार स्टुडिओंनी मिळून एक घ्यावा. प्रोफाइल काही रोज बनवायचं नसतं.

"प्रिंट काळी आली" ही तक्रार सगळ्यात जास्त ऐकू येते. तिचं कारण बहुतेक वेळा प्रिंटर नसतोच, मॉनिटर डोळे दिपतील इतका उजळ ठेवलेला असतो. कलरीमीटरला सांगा: उजेड 100 ते 120 कँडेला, पांढरा रंग डी65, गॅमा 2.2. पहिल्या दिवशी पडदा मरगळलेला वाटेल. दोन दिवसांत डोळा सरावतो, आणि एवढ्यावर निम्म्या तक्रारी थांबतात.

आणि खोलीतला उजेड. इथे भंडाऱ्याच्या शेतकऱ्याचं उदाहरण घेऊ, भाताचा जिल्हा आहे. भाताला युरिया कधी द्यायचा हे ठरवायला फिलिपिन्सच्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने जपानी नमुन्यावरून पानांच्या रंगाची एक पट्टी बनवली. फिक्या हिरव्यापासून गडद हिरव्यापर्यंत रकाने. पान त्यावर ठेवायचं, रंग ठरलेल्या रकान्यापेक्षा फिका असेल तर नत्र द्यायचं. पण तिच्या सूचना वाचा: पट्टीवर ऊन पडू देऊ नका, स्वतःच्या सावलीत धरा. दरवेळी दिवसाच्या त्याच वेळी बघा. दरवेळी त्याच माणसाने बघा. दहा पानं बघून सरासरी काढा. हजारोंची यंत्रं घेणारे आपण खिडकीतून येणाऱ्या दुपारच्या उन्हात, मागे निळसर एलईडी ट्यूब लावून रंग दुरुस्त करतो! खिडकीला पडदा, भिंत शक्यतो राखाडी किंवा पांढरी, मॉनिटरवर थेट उजेड नाही, आणि प्रिंट बघायला चांगल्या प्रतीचा 5000 केल्विनचा दिवा. स्वस्त ट्यूबखाली जुळलेले दोन रंग उन्हात फुटून वेगळे दिसतात. कोशावर आणि काठाच्या लाल रंगावर तर हे पटकन कळतं.

ज्यांच्याकडे फक्त मोबाइल आहे, त्यांनी काय करायचं? साडी सकाळी उत्तरेच्या खिडकीशी किंवा मांडवाच्या सावलीत पसरा, उन्हात नको. शेजारी कलरचेकर किंवा निदान राखाडी कार्ड ठेवून पहिला फोटो काढा, त्यावरून व्हाइट बॅलन्स पक्का करा, मग कार्ड काढून बाकीचे. फिल्टर बंद, ब्यूटी बंद. पदराचे दोन फोटो पाठवा, एक सरळ आणि एक तिरपा, कारण कोशाचे रंग खरंच दोन असतात आणि एक लपवला की तो पार्सलमधून बाहेर येतो. सोबत एक ओळ लिहा: "नैसर्गिक कोसा, रंग न दिलेला, उन्हात सोनेरी, घरात गव्हाळ." गिऱ्हाईक फारच चोखंदळ असेल तर पाकिटात धाग्याचा बोटभर तुकडा टपालाने पाठवा.